बी विंग गप्पा ग्रुप : ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ ही कोरियन सिरियल कोणाकोणाची बघून झाली?

स्नेहल (बी-603): संपली एकदाची 😭 काल रात्री शेवटचे भाग सलग बघितले, हे झोपेतून उठून विचारतायत कोण गेलं म्हणून, म्हटलं कोणी नाही गेलं, भेटले एकदाचे. प्राजक्ता हे व्यसन तू लावलंयस हां

प्राजक्ता (बी-201): मी म्हटलं होतं ना पहिले दोन एपिसोड काढ कसेतरी, मग सुटत नाही. आणि सगळे मिळून 16 च भाग, आपल्याकडे तेवढ्यात हळदसुद्धा लागत नाही नवरीला

जोशी काका (बी-404): आमच्या घरातही हेच चालू आहे. जेवण टीव्हीसमोर. आहे काय एवढं त्यात?

रोहन (बी-102): काका थोडक्यात सांगतो. साउथ कोरियातली एक प्रचंड श्रीमंत बिझनेसवाली पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट नॉर्थ कोरियात झाडावर लटकते. खाली तिकडचा आर्मी कॅप्टन. त्याने तिला पकडून द्यायचं तर तो घरात लपवून ठेवतो, तिला नूडल्स करून घालतो

जोशी काका: सीमेवर सुरुंग, कुंपण, दोन्हीकडे सैन्य, आणि बाई उडत आली? काहीही

प्राजक्ता: काका अगदीच हवेतलं नाहीये ते. 2008 मध्ये साउथ कोरियातली एक नटी बोटीत होती आणि धुक्यामुळे बोट चुकून उत्तर कोरियाच्या हद्दीत गेली होती, त्यावरून लेखिकेला सुचलं. आणि लेखनाच्या टीममध्ये नॉर्थमधून पळून आलेला एक माणूस होता, म्हणून ते गाव, लाइट जाणं, रेल्वे रात्रभर रुळावर बंद पडणं असलं सगळं खरं वाटतं. ते ट्रेनचं शूटिंग मात्र मंगोलियात केलंय

जोशी काका: बरं वारा मान्य. पण ही सांगते की ते दोघं त्याच्या आधी स्वित्झर्लंडमध्येही एकमेकांना भेटलेले असतात! एवढ्या मोठ्या जगात? लेखकाला सुचलं नाही की नशीब पुढे करायचं

नेहा (बी-504): अहो काका!!! मी अजून 5 वर आहे 🙏🙏 प्लीज कोणी काही फोडू नका

स्नेहल: नेहा तू ग्रुप म्यूट कर आता, कारण मला यावर बोलायचंच आहे. काका नशीब पुढे केलेलं नाहीये तिथे, उलट मागे ठेवलंय. पहिल्याच भागात हे दोघं जन्मोजन्मीचे वगैरे सांगितलं असतं तर मीपण बंद केलं असतं. आपण आधी त्यांना भांडताना बघतो, तो तिच्यासाठी कायकाय मिळवतो ते बघतो आणि मग तुकड्यातुकड्याने कळतं की स्वित्झर्लंडमध्ये ही जगायला कंटाळून गेलेली असते आणि तळ्याकाठी कोणीतरी पियानो वाजवत असतं ते कानावर पडून ती थांबते, आणि तो वाजवणारा हाच, स्वतःच्या गेलेल्या भावासाठी केलेली धून वाजवत होता, त्याला पत्ताही नाही की कोणी ऐकतंय. तोपर्यंत आपल्याला ते दोघं इतके आवडलेले असतात की योगायोग आपणच मागून घेतो

प्राजक्ता: +1. आणि तो मेणबत्तीचा सीन. तिने आधी सुगंधी मागितलेली असते, हा बापडा साधी घेऊन येतो. मग बाजारात ती हरवते, अंधार, गर्दी, रडकुंडीला आलेली, आणि हा हात उंच करून मेणबत्ती धरून उभा, म्हणतो ही वासाची आहे. यात कुठलं आलंय नशीब, माणूस शोधत गेला म्हणून सापडली

अश्विनी (बी-302): मी जरा वेगळं बोलते, मारू नका. गावातला भाग ए वन. पण सगळे साउथ कोरियात, सोलला आल्यावर जाम ताणलंय, तो व्हिलन संपता संपत नाही, आणि दर थोड्या वेळाने कोणीतरी फ्राइड चिकन खायला बसतं, जाहिरात आहे हे लहान मूलही सांगेल. आणि नॉर्थ कोरिया इतकं गोड? साउथ कोरियातल्याच एका पक्षाने जानेवारी 2020 मध्ये पोलिसांत तक्रारही केली होती की शत्रूराष्ट्राचं कौतुक करताय

स्नेहल: चिकनचं मान्य 😂 बाकी गोड म्हणशील तर घरांवर छापे पडतात, तो कान लावून बसलेला माणूस सगळ्यांची बोलणी चोरून ऐकत असतो आणि घरी येऊन बायकोच्या नजरेला नजर देऊ शकत नाही, तेही आहे की. मला तर हिरोपेक्षा त्या चार गावकरी बायका आवडल्या, किमची (त्यांचं कोबीचं लोणचं) घालताना एकीकडे कुचाळक्या आणि दुसरीकडे त्याच मदतीला हजर

रोहन: आणि हिरोच्या हाताखालचे ते चार सैनिक! त्यातला एक चोरून साउथच्या सिरियल बघून बघून तिकडचं सगळं शिकलेला असतो, तो आपला माणूस

अश्विनी: एक राहिलं. ती हिरोइन म्हणते भारतात एक म्हण आहे, कधीकधी चुकीची गाडी बरोबर स्टेशनला पोचवते. मी जन्मात ऐकली नाही ही म्हण

रोहन: अगं ताई ते ‘द लंचबॉक्स’मधलं आहे, 2013 चा, इरफानचा. आपल्या मुंबईच्या डब्याच्या अदलाबदलीवरचा. तिथून फिरत फिरत कोरियाला गेली

जोशी काका: नाहूरला उतरायचं असताना फास्टमध्ये चढून बघा एकदा, कुठलं बरोबर स्टेशन येतं ते कळेल

प्राजक्ता: 😂😂 काका

अश्विनी: माझी नणंद गेलेली स्वित्झर्लंडला, इझेल्टवाल्डच्या त्या धक्क्यावर जिथे पियानोचा सीन आहे. इतके लोक येतात की गावाने तिथे फिरतं गेट बसवलंय, धक्क्यावर जायचे 5 फ्रँक, म्हणजे आपले 500 च्या आसपास. तिने काठावरूनच फोटो काढला

सुलभा काकू (बी-101): मी पण बघितली सुनेबरोबर. खालच्या ओळी ती वाचून दाखवायची. चांगली आहे पण शेवट मला नाही पटला

नेहा: काकू तुम्हीसुद्धा?? गेले मी 🏃‍♀️

सुलभा काकू: वर्षातून दोन आठवडे भेटणार स्वित्झर्लंडला, बाकी वर्षभर तो तिकडे ही इकडे. आणि तुम्ही सगळ्या रडताय काय. माझ्या आईचा अख्खा संसार असा झाला. वडील मुंबईला गिरणीत, आई गावाला, यायचे गणपतीला आणि शिमग्याला, सगळे दिवस मिळून तेवढेच भरायचे. आल्यावर पहिले दोन दिवस आम्ही पोरं त्यांना लाजायचो, ओळख व्हायची तोवर बॅग भरलेली. यांच्या गोष्टीत मूलबाळ दाखवलेलं नाही म्हणून तो डोंगर आणि हिरवळ छान दिसते

स्नेहल: काकू 🥺 हे बघताना माझ्या डोक्यात आलंच नाही

जोशी काका: सुलभाताई, आमच्याकडेही राजापूरला हेच. मनीऑर्डर आली की आजी वाचून घ्यायची माझ्याकडून

प्राजक्ता: पण काकू एक सांगू? खऱ्या आयुष्यात त्या हिरो-हिरोइनने लग्न केलं, मार्च 2022 मध्ये. त्याच वर्षी मुलगापण झाला

सुलभा काकू: हो का. राहतात ना एका घरात?

प्राजक्ता: हो हो

सुलभा काकू: मग ठीक आहे