डायना १० : स्प्रिंग नव्हे, आधी सील बघा

एअर पिस्तुलाची ताकद कमी झाली म्हणजे स्प्रिंग थकली, जास्त कडक टाका, असा एक सल्ला दिला जातो. डायना ६ आणि १० या जुन्या एअर पिस्तुलांच्या बाबतीत मला हे पटत नाही. उलट त्याने पिस्तूल कायमचं जाईल. त्या काळच्या पिस्टन सीलचं (पिस्टनच्या तोंडावरची, हवा निसटू न देणारी चकती) प्लास्टिक वापर असो वा नसो, वयानेच कुजतं. नळीतून तपकिरी, मेणचट चुरा येत असेल आणि झाडताना धातूवर धातू आपटल्यासारखा खणखणीत आवाज होत असेल, तर सील संपलंय. त्या अवस्थेत एकही छर्रा झाडू नका, कारण हवेची गादी नसल्याने पिस्टनचं तोंड थेट सिलिंडरच्या टोकावर आदळतं. नवीन पॉलियुरेथेनची सीलं सुटे भाग विकणाऱ्यांकडे अजून मिळतात.

खरी मेख पुढे आहे. यात गिस पद्धतीचे दोन पिस्टन एकाच वेळी विरुद्ध दिशांना धावतात, म्हणूनच धक्का जाणवत नाही. दोघांना जोडणाऱ्या दातेरी पट्ट्या आणि चाकं एका दाताने जरी चुकली, तरी पिस्तूल नीट कॉक होत नाही (स्प्रिंग ताणून अडकत नाही) किंवा दात तुटतात, आणि ते दात मिळणं सीलपेक्षा कितीतरी अवघड. खोलण्यापूर्वी जुळणीच्या खुणा करा, फोटो काढा. स्प्रिंग दाबात बसवलेली असते, ती दाबून धरणाऱ्या स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय मागची टोपी सोडवू नका. जुना चुरा हवेच्या छिद्रातूनही पूर्ण काढा. दातांना मॉलिब्डेनम ग्रीसचा पातळ थर द्या. सीलपुढे खनिज तेल अजिबात नको, दाबाने ते पेटतं आणि नवं सील जळतं.