क्रोमचा कॅश फोल्डर दिसत नाही. त्यातून जुनी छायाचित्रे परत मिळतील का?

प्रश्न (वाडावासी)

नमस्कार. आमच्या कुलसंमेलनाची छायाचित्रे एका नातेवाइकांनी स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवली होती. नोंदणीची मुदत संपल्यामुळे ते स्थळ गेल्या आठवड्यात बंद पडले, आणि ज्या हार्ड डिस्कवर मूळ फोटो होते तीही बिघडलेली आहे. मी ती पाने दहा-बारा दिवसांपूर्वी घरच्या संगणकावर (विंडोज १०, क्रोम) पाहिली होती, म्हणजे त्यांच्या प्रती कॅशमध्ये (पाहिलेल्या पानांच्या प्रती ब्राउझर जिथे साठवतो त्या जागेत) असायला हव्यात. परंतु सी ड्राइव्हवरील माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये 'ॲपडेटा' नावाचे काहीच दिसत नाही. तो फोल्डर कसा पाहावा आणि त्यात छायाचित्रे सापडतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (खिडकीबाहेर)

फोल्डर जागेवरच आहे. विंडोज तो मुद्दाम लपवून ठेवते. फाइल एक्सप्लोररमध्ये वर 'व्ह्यू' टॅब उघडून 'हिडन आयटम्स'समोर खूण केली की ॲपडेटा फिकट रंगात दिसू लागेल. त्यानंतर लोकल, गूगल, क्रोम, युजर डेटा, डिफॉल्ट, कॅश आणि शेवटी कॅश डेटा अशा क्रमाने आत जावे. मात्र 'डिफॉल्ट' हे पहिल्या प्रोफाइलचे नाव असते. घरात क्रोम अनेकजण वापरत असतील आणि प्रत्येकाचे प्रोफाइल वेगळे असेल, तर आपले प्रोफाइल 'प्रोफाइल १' किंवा '२' या नावाखाली असू शकते. नेमके कोणते, हे क्रोममध्ये आवृत्तीची माहिती देणाऱ्या पानावर 'प्रोफाइल पाथ' या ओळीत मिळते.

फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरबाबत अनेकांची गफलत होते ती अशी, की त्याचे प्रोफाइल ॲपडेटामधील 'रोमिंग' फोल्डरमध्ये सापडते आणि लोक कॅशही तिथेच शोधत बसतात. प्रत्यक्षात कॅश 'लोकल'मध्ये असते.

उत्तर २ (शाईचा डाग)

वरील मार्ग बरोबर आहे, पण त्याआधी एक विनंती. ते बंद पडलेले संकेतस्थळ 'बघू तरी' म्हणून क्रोममध्ये पुन्हा उघडू नका. सर्व्हरकडून 'पान सापडले नाही' असे उत्तर आले, तर जुनी प्रत काढून टाकली जाऊ शकते. शिवाय कॅशला आकाराची मर्यादा असल्यामुळे आपण जितके नवे पाहाल तितके जुने बाहेर ढकलले जाते. म्हणून क्रोम पूर्ण बंद करून कॅशचा संपूर्ण फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करा.

आत छायाचित्रांची नावे दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये. साधारण १६ केबीपर्यंतच्या गोष्टी 'डेटा' नावाच्या मोजक्या फाइलींमध्ये एकत्र कोंबलेल्या असतात. त्याहून मोठ्या गोष्टींना 'एफ' अक्षर आणि पुढे सहा आकडे-अक्षरे अशी स्वतंत्र फाइल मिळते, पण तिला कोणतेही एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरे) नसते. त्यामुळे डबल-क्लिक केल्यास विंडोज गोंधळते. अशी फाइल इरफानव्ह्यू या चित्रे पाहण्याच्या प्रोग्राममध्ये ओढून टाकावी. ते आतला मजकूर पाहून प्रकार ओळखते. शेकडो फाइली असतील तर नीरसॉफ्टचे 'क्रोमकॅशव्ह्यू' हे मोफत साधन वापरावे, कारण ते प्रत्येक नोंदीचा मूळ पत्ता आणि प्रकार तक्त्यात दाखवते, आणि पत्त्यावरून फक्त त्या संकेतस्थळाच्या फाइली निवडता येतात. साधनाला आपण केलेल्या प्रतीचा मार्ग द्यावा.

वाडावासी

दोघांचेही आभार. डिफॉल्टमध्ये निव्वळ चिरंजीवांच्या खेळांची चित्रे निघाली. माझे प्रोफाइल दुसरे होते. तिथे संमेलनाची २६ छायाचित्रे मिळाली, पण त्यांपैकी १७ अगदी लहान, टपाल तिकिटाएवढी आहेत. मोठी कुठे असतील?

उत्तर ३ (खिडकीबाहेर)

ती आपल्या संगणकावर कधी आलीच नसावीत. पानावर लहान आकाराचे फोटो मांडलेले असतात आणि ज्यावर आपण टिचकी मारतो, तेवढ्याचीच मोठी फाइल उतरते. आपण नऊ फोटो मोठे करून पाहिले असावेत, म्हणून नऊच मिळाले. लहान फोटो ताणून मोठे केल्याने चेहरे स्पष्ट होणार नाहीत.

आणखी एक. मदतीसाठी कोणाला काही पाठवायचे झाल्यास फक्त कॅशचा फोल्डर पाठवावा, संपूर्ण 'युजर डेटा' कधीही पाठवू नये. त्यात कुकीज, भेट दिलेल्या पानांची यादी आणि साठवलेल्या पासवर्डची फाइलही असते.

वाडावासी

समजले. वाड्यापुढचा सामूहिक फोटो माझ्याकडे लहानच आला आहे. पुण्यातील आत्या आणि नाशिकचे दोन चुलतभाऊ यांनी तो नक्की मोठा करून पाहिला असेल, म्हणून तिघांनाही आजच फोन करून, संगणकावर तात्पुरत्या फाइली पुसणारा कोणताही 'क्लीनर' चालवू नका आणि मी सांगेपर्यंत ते संकेतस्थळ उघडू नका, असे कळवतो.