कॉफी विथ करण : आधी टीका होत नव्हती का?

काही जण म्हणतात की कॉफी विथ करण, म्हणजे करण जोहरचा सेलिब्रिटींशी गप्पांचा शो, आधी टीव्हीवर भारी होता, ओटीटीवर गेल्यावर बिघडला. ना भो, 2004 पासूनच लोक त्याला चुगलीखोर म्हणताहेत आणि तरी बघताहेतच की. 2017 ला कंगना राणौतने समोर बसून घराणेशाहीवरून करणला सुनावलं तेव्हा आमच्या धुळ्यात चहाच्या टपरीवरसुद्धा नेपोटिझम हा शब्द पोचला. जानेवारी 2019 ला क्रिकेटर हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुलचा तो एपिसोड, ज्यातल्या बोलण्यावरून दोघं क्रिकेटमधून सस्पेंड झाले, ऑस्ट्रेलियाहून परत आले, हॉटस्टारने एपिसोडच काढला, तो मी अमळनेरला मावशीकडे भरीत-पुरी खाता खाता मोबाईलवर पाहिलेला, काढायच्या आधी. मावशी दोन मिनिटं बघून अहिराणीत करणबद्दल म्हणे, "हाऊ प्रश्न इचारी ऱ्हायना का चुगल्या करी ऱ्हायना?" आणि मग कांद्याची पात तोडत शेवटपर्यंत बघत बसली!

मला खरी कंटाळवाणी गोष्ट वेगळीच वाटते. त्या राड्यानंतर पाहुणे जपून बोलतात, रॅपिड फायरची, म्हणजे झटपट प्रश्नांची, उत्तरं पाठ करून आल्यासारखी. आणि 2023 ला दीपिका पदुकोण या शोत जरा मोकळं बोलली तर तिला इतकं ट्रोल केलं, मग पुढचा कशाला तोंड उघडेल?