स्प्रिंग तुटली की गोळा बसला? तुमच्या गाडीच्या सस्पेन्शनचे अनुभव लिहा

परवा सकाळी गाडी काढली आणि पहिल्याच वळणावर पुढच्या डाव्या चाकाकडून 'टंग' असा आवाज आला. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की आवाज, सरळ केलं की गप्प. जॅक लावून पाहिलं तर कॉइल स्प्रिंगचा सगळ्यात खालचा अर्धा वेढा तुटून, स्प्रिंग जिथे टेकते त्या बैठकीत पडला होता. आदल्या रात्री गाडी अगदी ठीक होती, कुठल्या खड्ड्यात आपटलेलीही नव्हती. चार वर्षांत ही दुसरी स्प्रिंग.

याआधी अकरा वर्षं मी तेल आणि नायट्रोजनवर चालणाऱ्या, म्हणजे हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शनची गाडी वापरली. तिने तेल गाळलं, रुसून जमिनीला टेकली, पण आधी कळवल्याशिवाय कधी दगा दिला नाही. म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांनी ही रचना पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक चाकाला एक पोलादी गोळा असतो. त्याच्या आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला दाबून भरलेला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. चाक उसळलं की तेल गोळ्यात शिरतं, वायू दबतो आणि तेल परत ढकलतो. म्हणजे स्प्रिंगचं काम वायू करतो. गोळ्याच्या तोंडाशी बारीक झडपा असतात, त्यांतून जाताना तेल अडतं, त्यामुळे वेगळा शॉकॉबर लागत नाही. इंजिनवरचा पंप दाब तयार करतो आणि उंची सांभाळणारी झडप गाडीची पातळी राखते. डिकी कितीही भरा, मागची बाजू बसत नाही. सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीतल्या पॉल माजेस यांनी हे विकसित केलं. १९५४ साली ते एका मॉडेलच्या फक्त मागच्या चाकांना आलं, आणि १९५५ च्या डीएसमध्ये चारही चाकांना.

लिहिताना एवढं आवर्जून सांगा: काय गेलं, किती वर्षांनी गेलं, आधी काही चाहूल लागली होती का, आणि दुरुस्ती कुणी केली. कंपन्यांची नावं घेऊन भांडण नको, बिघाड लिहा.

* * *

माझी मागची स्प्रिंग उभ्या गाडीत तुटली. रात्री साडेअकराला खाली काहीतरी पडल्यासारखा आवाज आला, मी खिडकीतून पाहिलं, काही दिसलं नाही. सकाळी तशीच कामावर गेले. आठ दिवस तशीच चालवली, कारण गाडी जेमतेम बोटभर बसली होती आणि ते डोळ्याला कळत नाही. नवव्या दिवशी टायरमधली हवा गेली. चाक काढल्यावर दिसलं की तुटलेलं टोक सरकून टायरच्या आतल्या बाजूला घासत होतं. बाहेरून टायर नवा होता आणि आतून चिरलेला. त्या आठ दिवसांत मी दोन्ही मुलांना मागे बसवून लांबचा प्रवास करून आले होते, हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

तेव्हापासून महिन्यातून एकदा चाकाच्या कमानीपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजते. दोन मिनिटांचं काम आहे. सगळ्यांनी करावं असं मनापासून वाटतं.

* * *

वरच्या ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. मी बरीच वर्षं स्प्रिंगच्या कारखान्यात काढली आहेत.

स्प्रिंग लांबीला दबते असं दिसतं, पण आत तार पिळली जाते, आणि हा पीळ वेढ्याच्या आतल्या अंगाला सगळ्यात जास्त असतो. गाडी उभी असली तरी वजन स्प्रिंगवर असतंच, म्हणजे तिला विश्रांती नाही. हल्ली गाडीचं वजन कमी करण्यासाठी तार बारीक घेतात आणि पोलाद जास्त ताकदीचं. ते पोलाद ताण छान सोसतं, पण ओरखडा सोसत नाही. जुन्या जाड स्प्रिंगेवर गंजाचा खड्डा पडला तर ती वर्षानुवर्षं तशीच चालायची. नव्या स्प्रिंगेत त्याच खड्ड्यातून तडा सुरू होतो.

आणि खड्डा पडतो कुठे? जिथे शेवटचा वेढा बैठकीवर टेकतो तिथे. तिथे खडी अडकते, लेप घासला जातो, पाणी साचतं. बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात अशा ठिकाणी तर विचारूच नका. तुटलेला तुकडा हातात आला तर त्याचं तोंड पाहा: कडेला एक काळपट-तांबूस डाग आणि बाकी सगळा भाग चकचकीत करडा. तो डाग म्हणजे जुना तडा. चकचकीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला.

कृपया गाडी धुताना स्प्रिंगच्या खालच्या बैठकीत पाण्याचा फवारा मारत जा. आणि एक तुटली तर जोडीने बदला. दुसरीनेही तेवढेच पावसाळे पाहिलेले असतात.

* * *

गोळेवाल्यांच्या बाजूने मी. एकोणीस वर्षं एकच गाडी.

हे सस्पेन्शन मरतं, पण हळूहळू मरतं. नायट्रोजन रबरी पडद्यातून थोडाथोडा झिरपत राहतो, त्यामुळे दर वर्षी गाडी किंचित कडक होते. इतकी हळू, की मालकाला सवय होऊन जाते. मला कळलं ते मित्र शेजारी बसला तेव्हा. तो म्हणाला, "अरे, ही बैलगाडी कधीपासून झाली?" चारही गोळे बदलले आणि घरी येताना रस्ताच बदललाय असं वाटलं.

मुख्य गोळ्याची, म्हणजे पंपाचा दाब साठवून ठेवणाऱ्या वेगळ्या गोळ्याची, तब्येत कानाने कळते. इंजिन चालू ठेवून गाडी उभी करा आणि दाब नियंत्रकाची 'टक' ऐकू येते ती मोजा. दोन टकांमध्ये अर्धा मिनिट जात असेल तर निश्चिंत राहा. दोन-तीन सेकंदांनी टकटक होत असेल तर गोळा संपला. माझ्या गाडीत ब्रेकही याच दाबावर चालतात, त्यामुळे ही टक मी कधी दुर्लक्षिली नाही.

मोठा बिघाड एकदाच झाला: मागच्या बाजूला जाणारी दाबाची पोलादी नळी गंजून फुटली. लाल दिवा लागला, गाडी कडेला घेतली, खाली हिरव्या तेलाचं थारोळं.

* * *

तेलाबद्दल एक सांगायचं राहू नये. सुरुवातीच्या गाड्यांतलं लाल तेल हवेतला ओलावा शोषून घ्यायचं आणि भाग आतून गंजायचे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिरवं खनिज तेल, एलएचएम, आलं आणि तो त्रास संपला. २००१ च्या सित्रोएन सी५ गाडीपासून नारिंगी तेल, एलडीएस. ही एकमेकांत मिसळायची नाहीत. हिरव्या तेलाच्या गाडीत साधं ब्रेक ऑइल ओतलं की सगळी रबरं फुगतात. माझ्या गाडीत एका गॅरेजने हे केलं आहे, आणि त्यानंतरची सहा महिन्यांची पायपीट मी कुणाच्याही वाट्याला येऊ नये म्हणेन.

* * *

माझा अनुभव थोडा उलटा आहे, तोही असू द्या. तीन वर्षं तेलावरची गाडी वापरली आणि विकली. गाडीचा दोष नव्हता, हात लावायला माणूसच नव्हता. ज्या एका मिस्त्रींना सगळं येत होतं ते निवृत्त झाले. नंतर जो तो बोनेट उघडायचा, नळ्या बघायचा आणि बंद करायचा. आता कॉइलवर आहे. एकदा तुटली, दुपारपर्यंत बदलून मिळाली, संध्याकाळी गाडी रस्त्यावर. रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्या माणसाला हे मोलाचं आहे. २०१७ नंतर सित्रोएननेही ही जुनी रचना नव्या गाड्यांत ठेवली नाही, यातच काय ते आलं.

* * *

वडिलांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना दवाखान्यातून आणायला आमच्याकडे दोन गाड्या होत्या, एक कॉइलची नवी आणि एक गोळ्यांची बावीस वर्षं जुनी. जुनी नेली. मागच्या सीटवर आडवे झाले होते. प्रत्येक गतिरोधकाला मी आरशात त्यांचा चेहरा बघत होतो. अर्ध्या वाटेत त्यांना झोप लागली. ती गाडी अजून विकलेली नाही.

* * *

घरी काम करणाऱ्यांना हात जोडून सांगतो. कॉइल दाबायचा कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंना सारखा फिरवा, त्याचे हूक जिथे नीट बसत नाहीत तिथे थांबा आणि चेहरा स्प्रिंगच्या रेषेत आणू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. आणि तेलावरची गाडी स्वतःच्या ताकदीने वर उचललेली असली म्हणून तिच्याखाली जाऊ नका, आधी घोड्या लावा. दाब गेला की ती क्षणात खाली येते. कुठलीही नळी खोलण्यापूर्वी दाब सोडा. माझ्या सहकाऱ्याने एकदा घाई केली होती, बोट वाचलं पण अगदी थोडक्यात.

* * *

धागाकर्ता पुन्हा: सगळ्यांचे आभार. काल दोन्ही पुढच्या स्प्रिंगा बदलून घेतल्या आणि जुन्या मागून घेतल्या. कारखान्यातल्या दादांनी सांगितलं तसं तोंड पाहिलं. नखाएवढा तांबूस डाग, बाकी चकचकीत. मग उजवी, न तुटलेली, बैठकीच्या जागी घासून साफ केली. तिथेही तसाच खड्डा निघाला, आणि त्यातून आडवी गेलेली केसाएवढी रेघ. मागच्या दोन्ही स्प्रिंगा रविवारी उतरवून बघतो आणि इथेच लिहितो.