मदत हवी आहे: जास्त शॉट घेणाऱ्यांचीच टक्केवारी चांगली कशी काय येतेय? (उद्या सबमिशन!)

सबमिशनग्रस्त:
एम.एस्सी. स्टॅटचा प्रोजेक्ट. उद्या ११ वाजता मॅडमना दाखवायचाय. एनबीएचा (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) डेटा घेतला. आडव्या अक्षावर सामन्यामागे शॉट, उभ्यावर कार्यक्षमता. भार वाढला की टक्केवारी पडते असं जिथे तिथे वाचलंय, माझी रेघ मात्र वर चढतेय! कोड तीनदा तपासला. वर मॅडम म्हणतात, ‘साथीदारांचा परिणाम वेगळा काढून दाखव.’ कसा काढू?? थिअरी नको, काय करायचं तेवढं सांगा. प्लीज लवकर.

आकडेमोड:
कार्यक्षमता म्हणजे कोणती? नुसती फील्ड गोलची (मारलेल्या शॉटपैकी किती आत गेले), की ट्रू शूटिंग (तीन गुणांचे शॉट आणि फाउलवर मिळणारे फ्री थ्रोही धरून)? कोणता हंगाम? किमान मिनिटांची अट घातलीय का? हे न सांगता उत्तर मागणं म्हणजे डॉक्टरला फोनवर ‘दुखतंय’ एवढंच सांगण्यासारखं आहे.

सबमिशनग्रस्त:
ट्रू शूटिंगच. गुण भागिले (शॉट + ०.४४ गुणिले फ्री थ्रो) याची दुप्पट. एकच हंगाम. ५०० मिनिटांची अट आहे. आता सांगा.

गल्लीतला_गार्ड:
सोप्पं आहे. वेगवेगळ्या खेळाडूंची तुलना करतेयस तिथेच गडबड. चांगल्यालाच जास्त शॉट मिळतात, मग रेघ वर जाणारच. एकच माणूस दोन भूमिकांत बघ. जेम्स हार्डन, २०११-१२, ओक्लाहोमा. बाकावरून यायचा, संघातले तारे डुरांट आणि वेस्टब्रुक बचावाचं लक्ष खाऊन टाकायचे. सामन्यामागे १०.१ शॉट, १६.८ गुण, ट्रू शूटिंग ६६. ऑक्टोबर २०१२ मध्ये ह्यूस्टनला गेला आणि संघाची सगळी भिस्त त्याच्यावर आली. १७.१ शॉट, २५.९ गुण, ट्रू शूटिंग ६०. माणूस तोच, हात तोच. विषय संपला.

आकडेमोड:
विषय अजिबात संपला नाही. वेस्टब्रुक घ्या. २०१५-१६ ला डुरांट सोबत, २३.५ गुण, ट्रू शूटिंग ५५.४. डुरांट गेला, २०१६-१७ ला सगळा संघ एकट्याच्या खांद्यावर, ३१.६ गुण. ट्रू शूटिंग? परत ५५.४! फील्ड गोल ४५.४ वरून ४२.५ वर आले, पण फ्री थ्रो वाढले आणि तीन गुणांचे बरे पडले. एका हार्डनवरून नियम काढू नका.

गल्लीतला_गार्ड:
अहो, पण वेस्टब्रुकचा मुळात डुरांटमुळे फायदा होत होता हे कोण म्हणालं? तो चेंडू स्वतःच आणायचा आणि स्वतःच घुसायचा. ज्याला आयता पास लागतो त्याचं नुकसान होतं. ज्याला लागत नाही त्याला काय फरक?

चढाईबहाद्दर:
हे सगळं कबड्डीत आधीपासून आहे. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ (गुण आणा नाहीतर बाद), ती मुख्य चढाईपटूच्या गळ्यात. त्याची टक्केवारी पडणार नाही तर काय?

आकडेमोड:
कित्येक संघ ‘करो या मरो’ला मुद्दाम दुसराच माणूस पाठवतात. पण मुद्दा बरोबर आहे. बास्केटबॉलमध्ये शॉट मारायला मिळणारं २४ सेकंदांचं घड्याळ संपत आलं की सडका शॉट ताऱ्यालाच मारावा लागतो. बाकीचे चेंडू त्याच्या हातात कोंबून मोकळे.

रविवारची_टीम:
आकड्यांचं कळत नाही, अनुभव सांगतो. आमच्यात एक पॉइंट गार्ड (चेंडू आणून पास देणारा) होता, आता जर्मनीला गेला. मी कोपऱ्यात उभा असायचो. त्याचा पास छातीच्या जरा खाली, उजव्या हातात यायचा. पाय आधीच जागेवर, फक्त उचलायचा आणि सोडायचा. आता जो आहे तो गुडघ्यावर पास देतो. वाकून, उचलून, सावरून होईपर्यंत समोरचा अंगावर. पोरं म्हणतात, ‘काका, तुमचा हात गेला.’ हात नाही गेला रे, पास गेला.

सबमिशनग्रस्त:
काका, छान आहे, पण हे रिग्रेशनमध्ये कसं घालू? 😭

सोसायटी_सेक्रेटरी:
विषय निघालाच आहे तर, सोसायटीत रिंग बसवायचीय. उंची किती ठेवतात? मुलगा १२ वर्षांचा आहे.

आकडेमोड:
सेक्रेटरी, वेगळा धागा काढा. @सबमिशनग्रस्त, एक विचारायचं राहिलं. डेटात सगळे खेळाडू आहेत ना?

सबमिशनग्रस्त:
हो, सगळे. सेंटर (रिंगजवळ खेळणारे उंच खेळाडू) सोडून. ते नुसते डंक मारतात (उडी मारून चेंडू रिंगमध्ये कोंबतात), टक्केवारी उगाच फुगते, म्हणून सुरुवातीलाच काढून टाकले.

आकडेमोड:
🤦 हे तीन तासांनी सांगताय? कमी शॉट आणि भरपूर टक्केवारी असलेली माणसंच उडवलीत, मग रेघ वर जाईल नाहीतर काय! आणि साथीदारांचा परिणाम सगळ्यात उघडा तिथेच दिसतो. जॉर्डन बघा, २०१६-१७ ला फील्ड गोल ७१.४ टक्के.

नॉस्टॅल्जिक_९६:
जॉर्डन!! दूरदर्शनच्या काळापासूनचा देव. त्याच्यासारखा होणे नाही.

आकडेमोड:
मायकल नव्हे हो, डीआंद्रे. लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघाचा सेंटर. फ्री थ्रो त्याचे धड पडायचे नाहीत, पण त्यांचा पॉइंट गार्ड क्रिस पॉल रिंगजवळ चेंडू उंच टाकायचा आणि हा हवेतच तो आत घालायचा. २०१७ च्या उन्हाळ्यात पॉल ह्यूस्टनला गेला. पुढच्या हंगामात जॉर्डन ६४.५ वर.

गल्लीतला_गार्ड:
त्याच हंगामात जॉर्डनचा साथीदार ब्लेक ग्रिफिनलाही दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. मग एकट्या पॉलचं श्रेय कसं? आणि वय?

आकडेमोड:
वय म्हणाल तर आयव्हर्सन. २०००-०१ ला फिलाडेल्फियात फील्ड गोल ४२.० टक्के. २००७-०८ ला डेन्व्हरमध्ये, कार्मेलो अँथनीसारखा तारा शेजारी असताना, ४५.८. तिशी उलटल्यावर! ग्रिफिनचं मात्र मान्य. @सबमिशनग्रस्त, सेंटर परत घाला. लागोपाठचे दोन हंगाम घ्या, प्रत्येक खेळाडूचा स्वतःशीच फरक काढा, आणि मुख्य पासर बदललेले व न बदललेले असे दोन गट करा. संघ बदलणारे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात, हे मर्यादांमध्ये आधीच लिहा, म्हणजे मॅडम पकडणार नाहीत.

सबमिशनग्रस्त:
सेंटर घातले. रेघ जवळजवळ आडवी झाली!! दुसरा हंगाम आत्ता उतरवतेय. हंगामाच्या मध्येच ट्रेड (संघांमधली अदलाबदल) होऊन दोन संघांकडून खेळलेल्यांच्या तीन-तीन ओळी येतायत, त्यांचं काय करू?

आकडेमोड:
एक ओळ बेरजेची आहे. तिला हात लावू नका, बाकी दोन वापरा. तुम्हाला हवा तोच फरक त्यात आहे.

सोसायटी_सेक्रेटरी:
माझं रिंगचं राहिलंच.

रविवारची_टीम:
१० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. पण आधी फरशी घालून घ्या, मग मोजा. आमच्याकडे उलटं केलं, आता दोन इंच कमी आहे आणि सगळे डंकची स्वप्नं बघतायत.