मिनेसोटाच्या थंडीत हॅलोवीनचा पोशाख आणि ऊब: सल्ला हवा आहे

नवी_मिनेसोटावासी:
नमस्कार. आम्ही याच जुलैमध्ये पुण्याहून अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातील मिनीआपोलिसजवळ राहायला आलो असून मुलांचे हे पहिलेच हॅलोवीन (मुले सोंगे घेऊन संध्याकाळी घरोघरी चॉकलेट मागत फिरतात तो सण) आहे. सहा वर्षांच्या मुलीला फुलपाखरू व्हायचे आहे आणि तिने निवडलेला पोशाख म्हणजे बिनबाह्यांचा झिरझिरीत झगा व पाठीला अडकवायचे तारेचे पंख. धाकट्याचे, वय वर्षे तीन, अजून काहीच ठरलेले नाही. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पारा शून्याच्या आसपास येऊ शकतो, असे शेजारी सांगतात. जाकिटाचे नाव काढले की "मग पंख कसे दिसणार?" म्हणून रडारड सुरू होते. कृपया मार्ग सुचवावा.

बारा_हिवाळे:
शेजारी खरे तेच सांगत आहेत. १९९१ साली ऐन हॅलोवीनला सुरू झालेले हिमवादळ ३ नोव्हेंबरपर्यंत चालले आणि या परिसरात २८.४ इंच बर्फ पडला. त्या वर्षीच्या गोष्टी इथली जुनी मंडळी अजूनही रंगवून सांगतात. तसे दरवर्षी होत नाही, परंतु तयारी थंडीचीच ठेवावी.

जाकीट पोशाखावर घालायचे की नाही, हा वाद मुलीशी घालूच नका; ते पोशाखाच्या आत जाऊ द्या. झगा दोन मापे मोठा घ्यावा. अंगालगत पॉलिएस्टरचे किंवा लोकरीचे थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, लोकरीसारख्या कृत्रिम कापडाचा उबदार कपडा), त्यावर पातळ जाकीट, मग झगा आणि सर्वांत वर पंख. थर्मल सुती नसावे, कारण घरोघरच्या पायऱ्या पळत चढताना मुलांना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवते आणि पुढच्या दारापाशी थांबल्यावर त्याच ओलाव्याने अंग गारठते. पहिल्या वर्षी आम्ही भारतातून आणलेले सुती लेगिंग घातले होते आणि चौथ्या घरावरूनच परतलो.

पंख मात्र सगळे थर चढवून आधी घरी लावून पाहावेत. आमच्याकडे ऐन वेळी त्यांचे इलॅस्टिक जाकिटावरून खांद्यापर्यंत पोचेना, तेव्हा परकराची नाडी जोडून वेळ मारून नेली होती. बोटे सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र राहणारे मोजे अधिक उबदार असतात, परंतु प्रत्येक चॉकलेट उचलताना मुले ते काढतात आणि हरवतात. म्हणून दोन्ही मोजे एका दोरीने जोडून ती दोरी बाह्यांमधून ओवावी. बूट घट्ट असतील तर पायमोज्यांचा दुसरा जोड घालू नये, पाय उलट अधिक गार पडतात. मुखवट्यात श्वासाची वाफ साचून गाल ओले होतात, त्यापेक्षा चेहरा रंगवलेला बरा.

गाडीवाला_बाबा:
आपण गाडीने जाणार असाल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. मुलांच्या सुरक्षा आसनात फुगीर जाकीट घालून बसवल्यास पट्टा घट्ट वाटतो, पण धडक बसली की जाकीट दबते आणि पट्टा सैल पडतो. गाडीत फ्लीसपर्यंतच कपडे ठेवावेत. बाकीचा साज उतरल्यावर चढवावा.

नऊवारीवाली:
धाकट्यासाठी अस्वलाचा किंवा डायनासोरचा कानटोपीसह अखंड पोशाख घ्या, कारण त्यात ऊब आयतीच मिळते. फक्त निघण्यापूर्वी शू करवून आणा. तीन थरांखालची चेन रस्त्यात उघडणे किती कठीण असते, हे मी अनुभवाने सांगते. माझी लेक गेल्या वर्षी झाशीची राणी झाली होती. शिवलेल्या नऊवारीत फ्लीसची विजार सहज लपली आणि फेट्याखाली लोकरीची कानटोपी कोणाच्या लक्षातही आली नाही.

नवी_मिनेसोटावासी:
सर्वांचे मनापासून आभार. फुलपाखरू आधी कोशात असते, तेव्हा जाकीट हा तुझा कोश, असे सांगितल्यावर मुलगी राजी झाली आहे. झगा बदलून मोठा मागवला आहे. धाकट्याने अस्वल नाकारून डायनासोर निवडला असून शेपटीमुळे तो बाबागाडीत बसेल की नाही, ते आज संध्याकाळी पाहणार आहोत.