एडी हॅपगुडच्या उत्तरायुष्याबद्दल मदत हवी आहे

लंडनचा फुटबॉल क्लब आर्सेनल आणि इंग्लंडचा फुटबॉल संघ यांचा कर्णधार एडी हॅपगुड याच्यावर मराठीत लेख लिहितोय. जन्म ब्रिस्टल, १९०८; आर्सेनलकडून पाच लीग विजेतेपदं. १९३४ साली आर्सेनलच्या हायबरी मैदानावर इटलीविरुद्ध नाक मोडलं, तरी गडी मैदानात परतला आणि इंग्लंड ३-२ जिंकलं! मे १९३८ मध्ये बर्लिनला वरून आलेल्या आदेशामुळे त्याच्या संघाला नाझी सलाम करावा लागला. मग त्यांनी जर्मनीला ६-३ हरवलं. त्या सलामावर पुष्कळ वाचायला मिळतं. पण माझ्या मते खरी चटका लावणारी आहे ती त्याची निवृत्तीनंतरची फरफट. ब्लॅकबर्न, वॉटफर्ड, बाथ सिटी या क्लबांमधल्या त्याच्या व्यवस्थापकपदाच्या काळावर कोणाला चांगलं पुस्तक किंवा जुनी वर्तमानपत्रं माहीत आहेत का? इंग्रजीतलंही चालेल.